अकरा पावलं

ग्वादालाहारात मी एकतीस वर्षं टपाल वाटलं.
सुरुवात सायकलवर, जुन्या शहरात.
तिथे रस्ता चुकणं हा प्रकारच नव्हता:
एका कोपऱ्यावर खड्डा खणलेला असला
तर पुढच्या कोपऱ्यावर वळायचं,
बर्फवाल्याच्या बोळातून, न्हाव्याच्या खुर्चीला घासून,
आणि त्याच दारात उभं राहायचं,
फार तर एका शिवीइतकं उशिरा.

चौकाला चार तोंडं होती, चारही बोलकी.
पाकिटावरचा पत्ता अर्धवट असला
तर चौक तो पुरा करायचा.

मग शहर दक्षिणेला पसरलं.
आधी डांबर आलं, मग पाट्या, माणसं सगळ्यात शेवटी.
मक्याच्या रानात एकेक बिल्डर
आपापली भिंत घेऊन उतरला.
प्रत्येकाला एकच फाटक, एकच पहारेकरी,
आणि आत रस्ते वेटोळं घालून बसलेले.
शेपूट धरून गेलं की समोर
कुणाचं तरी गॅरेज, कुणाचं तरी कुत्रं.
असल्या गल्लीला इथे म्हणतात रेतोर्नो,
म्हणजे परत फीर.
पत्त्यातच लिहिलेलं: आलास तसा जा.

खात्याने मला मोटरसायकल दिली.
टपाल कमी झालं होतं, पेट्रोल वाढलं होतं.

तिथेच त्या दोघी बहिणी, एउलालिया आणि तोमासा.
म्हातारपणी शेजारी राहू म्हणून
कागदावर बोट ठेवून घेतलेली घरं,
पाठीला पाठ लावून.
कागदावर भिंत म्हणजे एक बारीक रेघ होती.
त्या रेघेच्या अलीकडे एक वसाहत, पलीकडे दुसरी,
एकीचं फाटक महामार्गाकडे, दुसरीचं कालव्याकडे.
तोमासाच्या घरात लसूण जळला
तर एउलालिया इकडून ओरडायची.
भेटायचं झालं तर दोन बसा आणि पाऊण तास.

एउलालियाचे गुडघे गेले.
तेव्हा तिने बहिणीला पत्र लिहायला घेतलं.
खरंच. तिकीट लावून, जीभ फिरवून.
मी ते उचलायचो, शहरात न्यायचो,
तिथे त्याच्यावर शिक्का बसायचा,
आणि तीन दिवसांनी तेच पाकीट
त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला.
एकदा म्हणालो, डोन्या, वरून टाकतो की.
ती म्हणाली, टाकलेलं नको, पोचलेलं हवं.

भिंत कुणी फोडली ते मला माहीत नाही.
म्हणजे, माहीत आहे,
पण त्या पोराला आता सरकारी नोकरी लागली आहे.
पलीकडच्या शाळेत जायला त्याला
पहाटे पाचला उठावं लागे,
आणि शाळेची घंटा त्याला अंथरुणातून ऐकू येई.
आधी एक वीट गेली. मग एका दप्तराएवढी जागा.
सोसायटीने लिंपलं. पुन्हा पडलं.
पुन्हा लिंपलं, वर काचा लावल्या.
काचा खाली नव्हत्या,
आणि भोक खालीच होतं.
तिसऱ्यांदा गवंडी आला तो वाकून पलीकडे गेला,
जेवून आला, थापी घेऊन घरी गेला.

आता तिथून इस्त्रीचे कपडे जातात,
गॅसवाला शीळ घालून सिलिंडर सरकवतो,
दुपारी एक बाई भोकाशीच टोपली मांडून
तिखट लावलेल्या काकड्या विकते.
बघता बघता तिथे चौक झाला,
दोनच तोंडांचा, पण बोलका.
नकाशावर अजून भिंतच आहे.
नव्या पोराला मी मार्ग दाखवला तेव्हा
त्याचा फोन सारखा म्हणत होता, मागे फिरा.

एउलालिया आता काठी टेकत स्वतः जाते,
वाकताना भिंतीला हात लावते,
देवळात शिरताना लावतात तसा नव्हे,
बसच्या दांड्याला लावतात तसा.
पत्रं मात्र चालू आहेत. समोर सांगता येत नाही
असं बरंच असतं म्हणे.

शेवटच्या दिवशी नोंदवहीत मी लिहिलं:
एउलालिया ते तोमासा, सहा किलोमीटर.
मोटरसायकल कडेला लावली होती.
पावलं मोजली, अकरा.
पेट्रोलचे पैसे घेतले.